बादलीतली शिंपली

तोंड मिटूनच बोलतेय, तेवढं चालवून घ्या. मी शिंपली. चिखलात गाडले गेले तेव्हा दोन्ही कवाडं लावून घेतली, ती आजतागायत उघडली नाहीत. वरचा समुद्र आटला, डोंगर उठला, मी दगड झाले. शेजारणीही झाल्या, पण त्यांची तोंडं उघडी राहिली. माती गेली आत.

मग संग्रहालयातल्या एका माणसानं मला छिन्नीनं डोंगरातून सोडवलं. त्याच्या साहेबांनी बजावलं होतं, अंगावरच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर काचेच्या कपाटात, नाहीतर मागच्या खोलीत, पोत्यात. झाडाचं वय खोडात बघतात, तसं माझं त्या रेघांत. माती सुटावी म्हणून त्यानं मला घरी न्हाणीघरात बादलीत भिजत घातलं आणि पुन्हा डोंगराकडे गेला, तो महिनाभर.

त्याची आई अंघोळीला आली. बघते तर मुठीत मावणारा, खरबरीत, भिजवून ठेवलेला दगड! तिला भरूनच आलं. सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, माझ्या टाचांच्या भेगा या घरात कुणाला तरी दिसल्या म्हणायच्या.

आणि घासल्या की हो, रोज. खेकड्यांनी कमी छळलं नव्हतं मला, पण त्या टाचांची सर नाही. खरं सांगू? बरंही वाटायचं. इतक्या काळात कुणी अंग चोळून दिलं नव्हतं.

लेक परतला. मला उचललं आणि तिथंच पाटावर बसला.

"आई, हिच्यावर रेघा होत्या."

"होत्या. टोचायच्या. आता बघ कशी झाली."

"उद्या साहेब बघायला येणारेत गं."

आईनं मला उलटं केलं. ती बाजू तिच्या मुठीत असायची. सगळ्या रेघा जागच्या जागी.

"पाहुण्यांपुढं चांगली बाजू वर ठेवावी," ती म्हणाली. "तुला बघायला आले होते, तेव्हा मी काय केलं?"

साहेबांनी भिंगातून रेघा बघितल्या, मान डोलावली. मला उलटायला हात घातला, तसा लेक घाईनं म्हणाला, "नको साहेब, कवाडं सुटतील."

आता मी काचेत असते. आई एकदा येऊन गेली. कौतुकानं बघितलं, मग हळूच लेकाला म्हणाली, "टाचा पुन्हा फुटल्या रे."

माझीही पाठ खाजतेय. पण गुळगुळीत बाजूचं साहेबांना कळू देऊ नका, बाबांनो. मी तर तोंड उघडणार नाहीच.