खालून वर चढणारा पडदा

मी पडदा बोलतोय. हसू नका! पडद्याने लोंबायचं आणि धूळ खायची, बोलायचं कसलं, असं वाटत असेल तुम्हाला. पण मी लोंबत नाही. मी खिडकीच्या तळाशी खिळलेला आहे आणि खालून वर चढतो. माझ्या डोक्यावरून उजेड आत येतो आणि डोकावणारी माणसं बाहेर अडतात. परळच्या या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, माझ्यासारखा दुसरा नाही. एके काळी मला याचा फार माज होता.

मला मागितलं ते मीराबाईंनीच. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही सुरुवातीपासून सुनेला शिव्या द्याल. थांबा जरा, तिची पाळी येईल.

मीराबाई या खोलीच्या मालकीण. नवरा गिरणीत होता. तो गेला, गिरणीही गेली, बाई मात्र खिडकीत बसून राहिल्या. तांदूळ निवडता निवडता गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायच्या. "काय रे, एवढा नटून कुठे?" "पिशवीत काय गं, बांगडे की बोंबील?" कोणाची म्हणून सुटका नव्हती. मग गेल्या श्रावणात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, उजेडात ठेवा, वारा लागू द्या. म्हणून मुलाने, सुशांतने, कॉट खिडकीखाली सरकवली आणि आता अख्खी गॅलरी मीराबाईंची हजेरी घेऊ लागली.

"कशा आहात काकी? ओळखलंत का मला?" लोक गजांना नाक लावून विचारायचे. बाईंच्या तोंडातून लाळ गळत असायची. त्या डाव्या हाताने पदर तोंडावर ओढायच्या आणि घशातून 'अंऽ अंऽ' असा आवाज काढायच्या, म्हणजे जा, जा. मुलांना त्याची गंमत वाटायची. एक जण तर तसाच आवाज काढत पळायचा. सुशांतने स्प्रिंगवर अर्धा पडदा लावला, तर वारा तो उडवायचा आणि वारा नसला की मुलं उचलायची. पूर्ण पडदा लावावा तर खोलीत काळोख. बाई रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडायला लागल्या.

तेव्हा नम्रताने मनावर घेतलं. नम्रता म्हणजे सून. "खालून बंद आणि वरून उघडा, असं काही मिळत नाही का हो?" तिने सुशांतला विचारलं. मोबाइलवर मिळत होता, पण चाळीच्या जुन्या खिडकीच्या मापाला एकही बसेना. दादरच्या दुकानदाराने तर सरळ हसून घेतलं. म्हणाला, "मॅडम, पडदा वरून खाली येतो. खालून वर फक्त शटर जातं."

शेवटी तळमजल्यावरचे महादेव मदतीला आले. शिवडीच्या गोदामात त्यांनी तीस वर्षं ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या. त्यांनी जाड सुती कापड आणलं, खालची कड चौकटीला खिळ्यांनी ठोकली आणि वरच्या कडेत लाकडी पट्टी शिवली. पट्टीच्या दोन टोकांना दोऱ्या, चौकटीच्या माथ्यावर दोन कप्प्या, आणि दोन्ही दोऱ्या एक होऊन उजव्या बाजूने खाली. तिथे उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर खाच पाडलेला एक ठोकळा बसवला. दोरी खाली ओढा, मी वर जातो. सोडा, खाच दोरीला तिथेच आवळते.

"खाली आणायचा तर दोरी आधी अशी आपल्याकडे काढायची खाचेतून, मग सैल सोडायची," महादेवनी दाखवलं. "दोन हातांचं काम आहे वहिनी. पण एकदा बसला की वादळात हलणार नाही." नम्रताने दोन-तीनदा करून पाहिलं. कॉटवरच्या बाईला हे जमेल का, हे मात्र कोणी विचारलं नाही. दोरीचं टोक तिच्या उशाशी लोंबत होतं, तेवढ्यावर सगळे खूश. आडव्या माणसाला ती दोरी फक्त खालीच ओढता येणार, म्हणजे कॉटवरून मी फक्त बंद होणार, उघडणार कधीच नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मी पडलो पडदा!

पहिले काही आठवडे छान गेले. मला बाहेर उभ्या माणसाच्या डोळ्यांइतका वर चढवला की मीराबाईंच्या छातीवर ऊन पडायचं. त्यांनी तोंडावरचा पदर सोडला. भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. बाहेरून लोक माझ्यावर टकटक करायचे आणि कंटाळून निघून जायचे.

आणि नम्रता! लग्नाला नऊ वर्षं झाली होती तिच्या, पण या खोलीत ती कधी दुपारी पाय पसरून पडली नव्हती. गॅलरीतून कोणी ना कोणी विचारणारच, आज आमटी कसली, डोळे का सुजलेत. मी आल्यावर एका दुपारी तिने गाऊनमध्येच बसून पातेल्यातूनच भात खाल्ला आणि मोबाइल बघत खदाखदा हसली. मला तिचं कौतुकच वाटलं. पण सुखाची चटक वाईट हो. मला ती रोज थोडा आणखी वर चढवायला लागली. डोळ्यांचा भुवयांपर्यंत, भुवयांचा कपाळापर्यंत.

जानेवारीत मीराबाई सुधारल्या. लाळ थांबली, तोंड बरंच सरळ झालं, उशांना टेकून बसता येऊ लागलं. वाचा तेवढी आली नाही. एका सकाळी त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं आणि खाली, खाली असं दाखवलं. "काय, वर करू?" नम्रताने विचारलं. बाईंनी जोरात मान हलवली, म्हणजे नाही, नाही. "बरं बरं, करते," म्हणत तिने मला वीतभर वर ओढला. त्या दिवशी तिला खरंच समजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी समजलं. मी तिच्या नाकासमोरच होतो, तिचे डोळे मला दिसले. "असू दे हो आई, लोक उगाच डोकावतात," ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली. आता द्या शिव्या, हवं तर.

सुशांत सकाळी आठला जायचा, रात्री नऊला यायचा. "मस्त प्रायव्हसी झाली ना आई?" एवढं विचारून जेवायला बसायचा.

मीराबाईंना बघायचं होतं ते एका माणसाला. दमयंतीबाई. गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहणारी त्यांची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. आजारपणात ती तीनदा दारात आली आणि तिन्ही वेळा नम्रताने सांगितलं, "त्यांना कोणी आलेलं आवडत नाही हो." पहिल्यांदा ते खरं होतं. तिसऱ्यांदा नव्हतं. आत मीराबाई कॉटची कड आपटत होत्या आणि नम्रताने दार लोटून घेतलं.

मग फेब्रुवारीतली ती दुपार आली. नम्रता दाराला कुलूप लावून आपल्या मुलीला शाळेतून आणायला गेली होती. बाहेर चपला थांबल्या.

"गो मीरा, जागी आसंस काय? मी दमयंती इलंय."

मीराबाई उशीवरून ताडकन उठल्या, जेवढं अर्ध्या अंगाने उठता येईल तेवढं.

"उद्या सकाळी कुडाळाक जातंय. कायमची. लेक म्हणता, आता हय एकटी रवू नको. आता या वयात काय परत येतंय मी? तुझी सून म्हणता, तुका कोण इललां आवडना नाय. खरा काय ता तूच सांग माका. बोलाक येना नाय तर नुसता तोंड दाखव."

दमयंतीबाईंनी गज धरले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी टाचा वर केल्या. माझ्या पट्टीवर आधी पांढरा भांग आला, मग कपाळ, मग दोन भुवया. अजून दोन बोटं वर आल्या असत्या तर दोघींचे डोळे भेटले असते. मीराबाईंना तेवढाही धीर धरवेना. त्यांनी दोरी पकडली. मला खाली पाडायचं होतं हो त्यांना! डाव्या हाताने जीव लावून ओढलं, आणि मी वीतभर वर गेलो. भुवया झाकल्या गेल्या.

"मीरा?"

त्यांनी पुन्हा ओढलं. मी पुन्हा वर. खाचेने दोरी आवळून धरली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक हिसक्याला मी बंद होत गेलो. मीराबाई रडत होत्या आणि घशातून 'अंऽ अंऽ' एवढंच येत होतं. कापड फाटावं, खिळा निसटावा, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. पण महादेवचं काम पक्कं. मी वरच्या चौकटीला जाऊन भिडलो.

बाहेर टाचा खाली टेकल्या. मग दमयंतीबाई म्हणाल्या, "बरा. समजला माका. चाळीस वर्सा एका नळार पाणी भरलां आपण, आणि माझ्या तोंडार पडदो ओढतंस? पोरांका हाकलतंस तशी हाकलतंस माका?" गजांवरची बोटं सुटली. "ऱ्हव सुखान," म्हणाल्या आणि गेल्या.

नम्रता परत आली तर भर दुपारी खोलीत अंधार. "अगं बाई! आईंनी स्वतः ओढला? म्हणजे हातात चांगलीच ताकद आली की!" तिने तिथूनच सुशांतला फोन लावला. रात्री तो पेढे आणायला विसरला नाही. आईच्या तोंडात पेढा कोंबून त्याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच नम्रता गॅलरीभर सांगत सुटली, कोणी दिसलं की आमच्या आई स्वतः पडदा ओढून घेतात. दमयंतीबाईंची बॅग अजून जिन्याशीच होती. त्यांनीही ऐकलं असणार.

मीराबाई आता माझ्याकडे बोट दाखवत नाहीत. सकाळी नम्रता मला खाली घेते, कारण डॉक्टरांनी उजेड सांगितलाय. हल्ली ती अर्ध्यावर आणते, कधी पूर्णही. ती वळली की मीराबाई दोरी पकडतात आणि मला पार माथ्यापर्यंत चढवतात. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी टाळ्या वाजवते.

मला सोडवा, धुवा, फेका, काही मागणं नाही माझं. एकच विनंती आहे. ती दुपार पाहिलेला मी एकटाच आहे आणि ज्या बाईला सांगता आलं असतं तिला वाचा नाही. तुमच्यापैकी कोणी कुडाळकडे जाणार असेल, तर लेकीकडे राहणाऱ्या परळच्या दमयंतीबाई कुठे, ते जरा विचारा. भेटल्या तर सांगा, मीरा पडदा लावत नव्हती. उघडत होती.