माझी कापलेली बारा पानं

मी बोलतेय, तुर्की व्याकरणाची पहिली पुस्तिका. बोलतेय, पण मान खाली घालूनच. माझी शेवटची बारा पानं का नाहीत, ते सांगायचं आहे.

छापखान्यातून आले तेव्हा मला फार तोरा होता. 'एव' म्हणजे घर, 'एविम' माझं घर, 'एविमदे' माझ्या घरात. शब्दाच्या शेपटीला तुकडे जोडत जायचं, क्रियापद शेवटी ठेवायचं. मराठी माणसाला आणखी काय सोपं हवं? प्रत्येक धड्याखाली सराव, आणि सगळी उत्तरं त्या शेवटच्या पानांवर.

मला विकत घेतलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या मुलाने परदेशात लग्न केलं होतं. तुर्की सून दोन महिन्यांनी पहिल्यांदाच घरी यायची होती.

"दारातच तिच्या भाषेत बोलणार मी तिच्याशी," बाई म्हणायच्या.

"आपल्या भाषेत तरी कुठे बोलतेस?" त्यांची बहीण चिडवायची.

बाई रोज दुपारी कात्रणं बाजूला सारून मला उघडायच्या. पण जन्मभर त्यांनी कागदी नमुना ठेवूनच कापड कापलेलं. इथेही तेच. मागचं पान बघायचं, पुढे हुबेहूब उतरवायचं. त्यात लबाडी नव्हती. शिकणं म्हणजे हेच, असं त्यांना वाटायचं. त्या एकदाही मोठ्याने वाचत नाहीत, हे मला दिसत होतं. पण एकही चूक नाही म्हणून मी फुगत गेले. पुस्तिकेला ओरडता येत नाही हे खरं, पण मला ओरडावंसंही वाटलं नाही.

सून आली. दारात जपून मराठीत म्हणाली, "आई, मी आले."

बाईंनी तोंड उघडलं. "होश..." स्वागताचा पुढचा शब्द काही येईना. त्यांचे कान लाल झाले. बहीणसुद्धा हसली नाही.

संध्याकाळी सुनेने मला चाळलं. "सगळं बरोबर?"

बाईंनी मागची पानं उघडून दाखवली. "नमुन्यावरून कापलं गं."

सुनेने मशीनवरची कात्री त्यांच्या हातात दिली. बाईंनीच ती बारा पानं कापली आणि सगळे सराव खोडरबराने पुसले.

आता दोघी रोज बसतात. बाई खूप चुकतात. काल सून बाजारातून परतली, तर बाई दारातच उभ्या. "होश गेल्दिन, कझम," म्हणाल्या. ये, मुली. पंधरा दिवस उशिराने, पण कुठेही न बघता.

पुसलेल्या उत्तरांचे वळ माझ्या पानांवर अजून आहेत. उजेडात तिरकं धरलं की दिसतात. कुणी विचारलं, तर मी ते लपवणार नाही.