बंद टोक पुढे

कंपासपेटीत कर्कटकाशेजारी पडलेली ती जुन्या चेनच्या लॉकची पट्टी — नखाएवढी, एका बाजूने गोल मिटलेली, दुसऱ्या बाजूने पाय फाकलेली, थेट मासोळीसारखी — आणि कुमुदिनी तिला बोटाने इकडून तिकडे ढकलत होती, भूमितीच्या तासाला, अगदी मन लावून, कारण काल ती जिंकली होती.

काल रविवारी, कात्रपच्या त्यांच्या बिल्डिंगखाली, बाबांच्या राजदूत फटफटीची चेन बदलली. कॅम्प चारच्या बाजारातून आणलेली नवी चेन जुनीच्या टोकाला अडकवायची, आणि जुनी ओढत ओढत नवी पुढच्या दातेरी चक्रावरून फिरवून घ्यायची — बाबा पुढे सोडत होते, ती मागून ओढत होती, घासलेट, चिंध्या, कोपरापर्यंत काळं वंगण... मजा येत होती नुसती. मग शेवटचं काम, ती इवलीशी पट्टी पक्कडीने सरकवून जोड पक्का करायचा. बाबांनी चष्मा वर घरातच ठेवलेला. जवळचा चष्मा, लागून महिनाच झालेला, तो लावून चारचौघांत यायला त्यांना नको वाटतं. पट्टी एकदा निसटली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा मातीत गेली, आणि कुमुदिनी, का कोण जाणे, चांगली मोठ्याने म्हणाली, "द्या इकडे बाबा. तुम्हाला दिसतंय तरी का काही?"

तळमजल्यावरचे गुरुदत्तकाका पायरीवर पेपर वाचत बसले होते, ते खदखदून हसले. "श्यामकांत, घे आता रिटायरमेंट. पोरगी तयार झाली तुझी."

बाबाही हसले... म्हणजे, हसले का? पक्कड मुठीच्या बाजूने तिच्या हातात दिली, "बंद टोक पुढे, लक्षात आहे ना," एवढंच म्हणाले आणि नळावर हात धुवायला गेले. एरवी तिने साधा कॅरियरचा नट आवळला तरी मागून येऊन अंगठ्याने चाचपून बघणारे बाबा काल बघायला आलेच नाहीत. आणि तिला त्याचाही अभिमान वाटला होता, म्हणजे बघा.

खिडकीबाहेर शाळेचा शिपाई जनू आपली सायकल स्टँडवर चढवून चेनला तेल सोडत होता, एका हाताने पायडल फिरवत. ती बघत राहिली, उगाच, वर्गात बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून. वरची चेन पुढे येत होती. खालची मागे जात होती. मागे...

तिचं बोट थांबलं.

तिने लॉक खालच्या बाजूला बसवलं होतं, तिथे मांडी घालून बसलं की ते बरोबर डोळ्यांसमोर येत होतं म्हणून. आणि बंद टोक पुढे, म्हणजे तिच्या समजुतीने हेडलाइटकडे. पण खालची चेन हेडलाइटकडे धावतच नाही, ती धावते मागच्या चाकाकडे — म्हणजे फाकलेले पाय आधी, उघडे, वाटेत येईल ते अडकवून घ्यायला तयार. एखादा खडा लागायचा अवकाश, पट्टी उडणार, जोड सुटणार, चेन चाकात गुंडाळणार. आणि बाबा सकाळीच गेलेत गाडी घेऊन, मागे गुरुदत्तकाकांना बसवून, अंबरनाथला कारखान्यात, आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने, त्या सगळ्या ट्रकांमधून...

मधल्या सुट्टीत ती फाटकासमोरच्या दुकानात होती, लाल फोनपाशी, मुठीत रुपयाचं नाणं. कारखान्याचा नंबर पाठ होता. रिसीव्हर तर कानालासुद्धा लावला होता. बाबा, लॉक उलटं बसलंय, निघायच्या आधी फिरवून घ्या — एवढं एकच वाक्य होतं. पण बाबांच्या शेजारच्या टेबलावर काका बसतात. ते विचारणार, काय म्हणते तुझी मेकॅनिक, मग चहाच्या वेळेला सगळ्या खात्याला कळणार, रात्रीपर्यंत सगळ्या बिल्डिंगला... आणि सकाळी पोचलेच असतील ना नीट, मग येतीलही, लगेच थोडंच काही होतं? आल्यावर मी फिरवीन की गुपचूप. मी बसवलं, मीच फिरवीन, कुणाला कळायचं कारणच काय. मागे एक बाई कडेवर मूल घेऊन ताटकळली होती. कुमुदिनीने रिसीव्हर तिच्यापुढे केला. "तुम्ही करा आधी," ती म्हणाली, इतक्या नम्रपणे की बाई म्हणाली, गुणाची आहेस गं. मग घंटा झाली, आणि ती धावत आत गेली, जवळजवळ सुटल्यासारखी.

पावणेसहाला बाबा येतात. सहा वाजले. आई ओट्यापाशी काहीतरी विचारत होती, ती हो हो म्हणत होती, गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून, आणि शिरगावच्या बाजूने येणाऱ्या प्रत्येक फटफटीबरोबर तिच्या मनातल्या मनात तो रुपया पुन्हा पुन्हा फोनमध्ये पडत होता, आता करते, आता करते...

सव्वासहाला राजदूत आली. दोघंही धड. ती तीन-तीन पायऱ्या उतरत खाली आली, चेन ताणलीय का बघते म्हणत मागच्या चाकाशी बसली आणि चाक हाताने फिरवलं. लॉक खाली आलं. बंद टोक मागच्या चाकाकडे होतं, जसं हवं तसंच. पट्टीच्या कडेला पक्कडीचा एक नवा ओरखडा होता, तिने न केलेला. आणि सकाळ आठवली — चहा टेबलावर निवत होता, आई हाका मारत होती, आणि बाबा खाली होते, चष्मा लावून. तिला वाटलं होतं, काकांकडे पेपर वाचायला गेलेत.

म्हणजे दिवसभर काहीच होणार नव्हतं. पण हे तिला दुकानात कुठे माहीत होतं...

"लोण्यासारखी पळते रे," हँडलची डब्याची पिशवी काढता काढता बाबा काकांना सांगत होते. "चेन आमच्या कुमुदने बसवली. मी हातसुद्धा लावला नाही."

"मानलं बुवा हिला," काका म्हणाले.

दोघं तिच्याकडे बघत होते. आता म्हणायचं — आत्ता, काकांसमोरच, बाबा, मला दुपारीच कळलं होतं, फोन माझ्या हातात होता. शब्द जुळलेसुद्धा, ओळीने, घशापर्यंत आले, आणि त्यांच्या आधी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, शहाण्या मुलीचं, कौतुक झाल्यावर येतं तसं, काही ओढाताण न होता. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. बाबा जिना चढू लागले, आणि ती तिथेच बसून राहिली, ते हसू तोंडावरून कधी जातंय याची वाट बघत.