येरुलिक कुणी घातलं?

कानागात आगा आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले ते निवडणुकीच्या तोंडावर. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यापासून चार घरं सोडून राहतो, पण त्यांचे बूट आमच्या उंबरठ्याच्या आत कधी आले नव्हते. त्या दिवशी त्यांनी ते दाराशी नीट जोडून ठेवले, सासूबाईंपुढे छातीवर हात ठेवून वाकले आणि म्हणाले, "अपा, गुडघे काय म्हणतात?" जणू कालच विचारपूस करून गेले होते.

माणूस वाईट नाही. गावातला गहू साठवायचं कोठार त्यांचं. बर्फात कुणाची गाडी अडकली तर ट्रॅक्टर पाठवतात, पैसे घेत नाहीत. ते तालुका सभेच्या निवडणुकीला उभे होते, आणि सगळ्या उमेदवारांप्रमाणे त्यांच्याकडेही त्या वर्षी एकच विषय होता. टीव्हीवरही तोच: सरकार बाहेरदेशीच्या कझाकांना मायदेशी परत आणून देशाच्या उत्तरेकडे वसवतंय ते बरोबर की चूक. एक म्हणायचा, उत्तर ओस पडलीय, माणसं हवीत. दुसरा म्हणायचा, आधी घरातल्यांना खायला घाला. मग दोघं एकमेकांवर ओरडायचे आणि जाहिरात लागायची.

आमच्या गावात तो वाद म्हणजे नवी गल्ली. चीनकडच्या अल्तायमधून आलेली पाच कुटुंबं तिथे हिवाळा संपता संपता उतरली होती, आणखी येणार होती. गावसभेत ठराव आणायचं कानागात आगांनी ठरवलं होतं: गावात जागा नाही, यापुढे कुणाला पाठवू नका, आणि ही पाच घरंही दुसरीकडे हलवा.

"अपा, तुम्ही स्वतःला यात धरू नका बरं का," ते सासूबाईंना म्हणाले. "तुम्ही मंगोलियातून आलात, तरी आता आमच्यातल्या. मी बोलतोय ते त्या नव्यांबद्दल."

चहा ओतायचं काम सुनेचं, केलिनचं, म्हणजे माझं. आमच्याकडे पाहुण्याला प्याला अर्धाच भरून देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा मागता येतो. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, उठा आता.

"शाळेचंच बघा," आगा पुढे म्हणाले. "आणखी पोरं आली की दोन पाळ्या होणार. केलिन, तुझी मोल्दिर यंदा पहिलीत ना? दुपारच्या पाळीत पडली तर डिसेंबरात काळोखात घरी येणार पोर. लांडगे नाहीत आता, पण बुरान आहेच."

बुरान म्हणजे आडवा सुटणारा बर्फाचा वारा. त्यात स्वतःचा हात दिसत नाही. मी मुळातच सगळ्यात वाईट ते आधी डोळ्यांपुढे आणणारी बाई. मला एकदम मोल्दिरची लाल टोपी दिसली, आणि मग ती दिसेनाशी झाली. सासूबाई खाकरल्या तेव्हा माझं लक्ष गेलं. आगांचा प्याला काठोकाठ भरला होता.

मग आगा मोठ्याने हसले. "अपा, तुमची सून मला हाकलतेय!"

"हात थरथरतो तिचा," सासूबाई म्हणाल्या. "उलानबातरला भूगोल शिकून आलीय. प्याल्याची उंची शिकवली नाही तिथे."

ते गेल्यावर नवऱ्याने, बेकजानने, मला बजावलं, "सभेत जायचं, बसायचं, यायचं. तोंड उघडायचं नाही. मी शाळेची बस चालवतो ती कुणाच्या शब्दावर मिळाली, ठाऊक आहे ना?"

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर ठराव झाला तर बरंच होईल, असंही मनात येऊन गेलं. पहिलीच्या मुलांच्या आयांचा फोनवर एक गट आहे. त्यात रात्रंदिवस तेच चाललं होतं. नव्या गल्लीतली मुलं आपल्या मुलांच्या जागा घेतील. त्यांची लिपी वेगळी, आपली अक्षरं वाचता येत नाहीत, सगळा वर्ग मागे पडेल. आणि एकीने लिहिलं, "महिना झाला, एकही बाई कुणाच्या दारात आली नाही. सरकारने घर दिलंय ना, माज आलाय." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती.

दुसऱ्या दिवशी ब्रेडच्या दुकानात नव्या गल्लीतली कुलझिरा माझ्यापुढे उभी होती. माझ्याच वयाची. तिचा मुलगा तिच्या कोटाचं टोक धरून होता. पाकिटावरची अक्षरं तिला लागत नव्हती म्हणून ती प्रत्येक पिशवी दाबून बघत होती आणि दुकानदारीण ओठ आवळून उभी होती. मी मीठ कुठलं ते दाखवलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "कधी येत का नाही घरी? हिरव्या दाराचं घर आमचं."

ती गोरीमोरी झाली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "कशी येऊ? आम्हाला अजून कुणी येरुलिक घातलं नाही. तसंच आलो तर लोक म्हणतील, उपाशी आलेत." मग घाईघाईने, मलाच वाईट वाटू नये म्हणून, "घालतील. कामात असतील सगळे."

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले.

गावात नवं बिऱ्हाड उतरलं की आधीपासून राहणाऱ्यांनी त्याला बोलावून जेवू घालायचं, त्याला येरुलिक म्हणतात. ते होईपर्यंत नव्याने कुणाच्या घरात पाय टाकायचा नाही. मंगोलियातल्या आमच्या बायन-उल्गीत हे न करणाऱ्याकडे कुणी पोरगीही देणार नाही. आम्ही मंगोलियातून या गावात आलो तेव्हा सासूबाई रोज दुपारी नवा रुमाल बांधून खिडकीशी बसायच्या. बोलावणं येईल म्हणून. मोल्दिर तेव्हा पोटात होती. पुढे कधीतरी रुमाल पेटीत गेला आणि त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही.

माज नव्हता तर. पाच घरांत माणसं नवे कपडे घालून वाट बघत बसली होती, आणि गाव त्यांना हाकलायच्या तयारीत होतं.

गावसभा क्लबाच्या हॉलमध्ये भरली. शहरातून बदलून आलेला तरणा अकीम, म्हणजे गावचा कारभारी, टेबलाशी बसला. नव्या गल्लीतले पाच पुरुष आणि कुलझिरा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

कानागात आगा छान बोलले. उत्तर, गहू, रशियाकडे निघून गेलेली पोरं, रिकामी घरं, सगळं खरं. मग शाळा. मग म्हणाले, "माणूस आपल्यात मिसळला तर गाव त्याला पोटाशी धरतं. आपल्या या केलिनचं, अर्दाकचं घर बघा. तेही बाहेरूनच आले. आज त्यांना कुणी ओरालमान म्हणतं का? पण हे मागे उभे आहेत ते. महिना उलटला, कुणाच्या उंबऱ्याला शिवले नाहीत. हे ओरालमान ओरालमानच राहणार."

ओरालमान म्हणजे परतून आलेला. शब्द तसा साधा, पण लोकांनी तो असा काही उच्चारला की शेवटी सरकारला तो कायद्यातून काढून दुसरा आणावा लागला, कंदास, एका रक्ताचा. कागदावर बदलला. दुकानात नाही.

बेकजानचा हात माझ्या कोपरावर होता. मी उठले तेव्हा तो निसटला.

"आगा, एक विचारते. आम्हाला येरुलिक कुणी घातलं?"

"काय?"

"आम्ही मिसळलो म्हणता. आम्ही आलो तेव्हा आम्हाला जेवायला कुणी बोलावलं, ते सांगा."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं, जुन्या गोष्टी त्या. आता कोण करतं?"

"सुनेने वाकून सलाम केला नाही तर तेव्हा जुनं आठवतं तुम्हाला," मी म्हणाले. दोनतीन सुना खुसकन हसल्या. "ही माणसं माजाने घरात बसलेली नाहीत. बोलावण्याची वाट बघत बसलीत. तुम्ही विसरलात ती रीत ती पाळतायत, आणि त्याचीच तुम्ही त्यांना शिक्षा देताय."

कानागात आगांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "बरं, चुकलं. मग तुम्ही तेव्हा सांगायचं होतं, केलिन."

"मला जेवायला बोलवा, असं सांगायचं असतं का आगा?"

आता हसणं मोठं झालं. मागे भिंतीशी कुलझिरा जमिनीकडे बघत होती. माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता, इतका मोठा.

"आणि दुसरं. ओरालमान मी आहे. निवडणूक आली म्हणून मला त्या शब्दातून बाहेर काढून यांना आत ढकलू नका. मी तिथेच बरी आहे."

आगा खाली बसले नाहीत. हळू आवाजात, अगदी घरच्या माणसासारखे म्हणाले, "आणि मोल्दिर? दुपारच्या पाळीत गेली, काळोखात वाट चुकली, मग कुणाला विचारशील?"

त्यांना बरोबर ठाऊक होतं कुठे दाबायचं. लाल टोपी पुन्हा दिसली. मी खुर्चीची पाठ धरली.

"मला भीती वाटते, आगा. रोजच वाटते, नवी पोरं यायच्या आधीपासून वाटते. पण माझ्या भीतीवर मत मागू नका. शाळेला खोल्या कमी पडतात तर खोल्या मागा. तुम्ही पोरं कमी करायला निघालात!"

पुढच्या रांगेतून एर्ना आजी बोलली. ती जर्मन, गावात सगळ्यात म्हातारी, ऐकू कमी येतं म्हणून ओरडूनच बोलते. "युद्धात मला सरकारने मालगाडीतून आणून टाकलं तेव्हा मी दुपट्यात होते! ठराव तेव्हाच करायचा ना, कानागात! आता मी कुठे जाऊ?"

त्यावर इतका गोंधळ झाला की अकीमने टेबलावर पाण्याची बाटली आपटली. हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूने बरेच आले. अकीम मोजत मोजत मागे आला, गडबडला, पुन्हा पुढून मोजू लागला. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या कानागात आगांच्या बायकोशेजारी बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. बेकजान खिडकीबाहेर बघत होता, त्याचे हात खिशात. ठराव थोडक्यात पडला.

बाहेर पडताना आगांची बायको सासूबाईंना म्हणाली, "अपा, तुम्ही तर कबूल झाला होतात."

"खांदा दुखतो," सासूबाई म्हणाल्या. "हात वर जात नाही."

घरापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दाराशी बूट काढता काढता म्हणाल्या, "एवढं बोललीस, आता शिजवही. पाच घरं आहेत. मोठं पातेलं खाली उतरव."

शुक्रवारी आम्ही अंगणात पाचही घरांना येरुलिक घातलं. सासूबाईंनी मानाचं मेंढीचं डोकं कुलझिराच्या सासऱ्यापुढे ठेवलं तेव्हा तो म्हातारा रीतीप्रमाणे त्याचा कान कापून पोरांना द्यायचं सोडून रडायलाच लागला, आणि मग पोरांनी कान मिळावा म्हणून दंगा केला. गावातली तीन घरं आली. बाकीच्यांचे पडदे हलत होते. एर्ना आजी बोलावल्याशिवायच आली आणि म्हणाली, "माझंही राहिलंच होतं."

याने सगळं बदललं, असं मात्र म्हणता येणार नाही. ठराव पडला आणि पुढच्याच आठवड्यात कानागात आगा चांगल्या मतांनी निवडून आले. आमच्या गावाला दोन्ही जमतं. आयांच्या गटातून मला कुणीतरी काढून टाकलं. बेकजानची बस राहिली, पण त्याला बर्फातला लांबचा मार्ग दिला. आणि शरदात शाळा सुरू झाली ती दोन पाळ्यांत. मोल्दिर दुपारच्या पाळीत पडली. मुद्दाम केलं, असं सासूबाईंना वाटतं. मला ठरवता येत नाही. कुलझिराचा मुलगाही तिच्याच वर्गात आहे. मोल्दिर त्याला अक्षरं शिकवते आणि चुकला की मास्तरणीपेक्षा जास्त ओरडते.

डिसेंबरात पाचच्या सुमारासच काळोख होतो. मी आणि कुलझिरा रोज शाळेच्या फाटकाशी उभ्या राहतो. वारा असला की दोघी मिळून एक दोर नेतो, मुलांनी त्याला धरून चालायचं. आधी आमची दोनच मुलं होती. आता बरीच असतात, ज्यांनी मला गटातून काढलं त्यांचीही. मी आल्यागेल्या प्रत्येक टोपीवर डोळा ठेवून चालते. भीती तशीच आहे.

परवा बर्फ भुरभुरत असताना मागून गाडीचे दिवे आले. कानागात आगांनी काच खाली केली. दोराला लटकलेली रांग त्यांनी पहिल्या टोपीपासून शेवटच्यापर्यंत बघितली.

"मी म्हणालो होतो ना केलिन, काळोख होईल म्हणून."

"म्हणाला होतात, आगा. काळोख सगळ्यांनाच होतो. तुम्ही आता सभासद आहात. या रस्त्यावर दिवे लावा."

"खांब कुठे आहेत? शाळेपासून कोठारापर्यंत तीनच तर आहेत."

"मग चौथा रोवा."

"जमीन गोठलीय, अगं. आत्ता खड्डा कोण खणणार?"

कुलझिरा तोवर कधी त्यांच्याशी बोलली नव्हती. तिने तोंडावरची शाल खाली ओढली आणि म्हणाली, "नव्या गल्लीत पाच पहारी आहेत. खांब तुम्ही आणा."

आगांनी काच वर केली. गाडी मात्र लगेच गेली नाही. आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचे दिवे आमच्या पायांपुढच्या बर्फावर पडत राहिले, आणि मी एकेका टोपीला हात लावून पुन्हा मोजायला लागले.