उसवलेला बिल्ला

"म्हणजे गाडीला विमाच नव्हता?" मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नव्हता. आणि तुमचाही नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आता भरपाई मागायची ती ड्रायव्हरकडे, नाहीतर टेम्पोच्या मालकाकडे. ड्रायव्हरविरुद्ध निकाल मिळेल, पण त्याच्याकडून निघणार काय? आणि मालक म्हणतो, टेम्पो मी त्यालाच विकलाय, तो माझा नोकर नाही. तसा सहीचा कागद आहे त्याच्याकडे."

"उघड्यापाशी नागडं गेलं आणि सारी रात्र हिवानं मेलं," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं लोकांची अंगं झाकणाऱ्या शिंप्याला ही म्हण जरा जास्तच लागली.

रस्ता ओलांडताना टेम्पोनं त्यांना उडवलं होतं. उजव्या हाताची हाडं जुळली, पण अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना ओळख देईनात. शिवण बायको सांभाळायची. कात्री मात्र मास्तरांची, आणि कात्री बंद म्हणजे दुकान बंद. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सांगितलं होतं. भरपाई मिळाली तर ते होणार होतं, नाहीतर हात असाच राहणार होता.

चार दिवसांनी ड्रायव्हर माफी मागायला दुकानात आला. वाक्यं पाठ करून आला असावा, दुसऱ्यातच अडखळला. मास्तरांचं त्याच्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. समोरचा रडत आला तरी हा माणूस आधी त्याच्या शर्टाचा खांदा बघणार.

"इकडे ये." पांढऱ्या शर्टाच्या खिशावर सुईच्या भोकांची गोल रांग होती. "इथला बिल्ला कुणी उसवला?"

ड्रायव्हरनं खिशावर तळहात ठेवला. "मीच. अपघातानंतर मालक म्हणाले, आपल्या कंपनीचं नाव दिसायला नको. टेम्पो विकल्याच्या कागदावर सहीपण घेतली माझी. पण मास्तर, मी कोर्टात बोललो तर नोकरी जाईल. घरी लहान पोरी आहेत."

"तू नको बोलूस. शर्ट ठेवून जा."

मास्तरांचा जुना सदरा अंगात घालून तो गेला. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "बाकीच्या ड्रायव्हरांच्या बिल्ल्याशी भोकं जुळवून बघू. तशीच राहू द्या, उद्या घेऊन या." मास्तरांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. शर्ट टेबलावर ठेवून ते हाताच्या व्यायामाला दवाखान्यात गेले.

तेवढ्यात बायको बाजारातून आली. टेबलावर पांढरा शर्ट, खिशावर भोकं. ओला फडका फिरवायचा, नखानं धागे सारखे करायचे, वरून गरम इस्त्री, भोकं बुजतात. उसवल्याची खूण गिऱ्हाइकाला दिसता कामा नये, हे तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी शिकवलं होतं.

परत आल्यावर मास्तरांनी शर्ट उजेडात धरला, उलटा करून पाहिला. काम चोख होतं.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली. सगळं कळल्यावर स्टुलावर बसली ती उठेना. मास्तरांना फार राग आला होता, पण शिकवण त्यांचीच, रागवायचं कुणावर?

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर सदरा परत द्यायला आला. मास्तरांनी घडी केलेला शर्ट त्याच्यापुढे ठेवला.

"भोकं बुजली. आमच्याच हातानं. तू सुटलास."

त्याने खिशावरून बोट फिरवलं. "काहीच कळत नाही."

"नाहीच कळणार," मास्तर म्हणाले, आणि एवढ्या दुःखातही बायकोकडे कौतुकानं पाहून घेतलं. मग उजवा हात काउंटरखाली नेला. तो ड्रायव्हरला दिसू नये असं त्यांना उगाचच वाटलं.

ड्रायव्हर दारापर्यंत गेला, थांबला, परत आला. पँटच्या खिशातून त्याने एक गोल कापडी बिल्ला काढला. कडेला अजून दोरे लोंबत होते.

"फेकवला नाही. हा परत लावून द्या. तारखेला हाच शर्ट घालून येतो. विचारतील ते सांगतो."

"आणि घरी?"

"काल रात्री सगळं सांगितलं. बिल्ला बायकोनंच खिशात घातलाय."

मास्तरांनी सवयीनं उजव्या हातानं सुई घेतली. ती दोनदा घरंगळली. तिसऱ्यांदा बायकोनं उचलली आणि ओवली. मास्तरांनी डाव्या हातानं बिल्ला खिशावर ठेवला, डोळे बारीक केले.

"जरा वर," ते म्हणाले. "हां. इथंच होता."