मोकळं कपाळ

पोशीरच्या खळ्यांवरचं भात कणग्यांत पडलं होतं आणि शेतात वाल फुलला होता. अशाच एका सकाळी बायजा विहिरीवर गेली, तेव्हा पाणी भरणाऱ्या बायकांनी आपापल्या कळश्या उचलून काठाच्या दुसऱ्या अंगाला नेल्या. बायजाने पदर पुढे ओढला. पदराखाली तिचं कपाळ लालबुंद झालं होतं. त्यावरून कोंड्यासारखे पापुद्रे सुटत होते, आणि ती लाली आता नाकावर उतरू लागली होती.

ती घरी परतली, तर सासू गौराबाई उंबऱ्यातच उभी.

"हंडा भायेरच ठेव. तुजं अंथरून गोठ्यात टाकलंय."

"आत्याबाय, निस्ती खाज हाय मला."

"खाज नाय ती. म्हारोग हाय. सगला गाव बोलतोय."

"आन जना?"

"जना माज्यापाशी ऱ्हाईल."

जना अजून अंगावर पिणारी पोर. बायजाने नवऱ्याकडे पाहिलं. सहदेव दोरखंड वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

दोन्ही वेळचं जेवण पानावर वाढून गोठ्याच्या दारात ठेवलं जाऊ लागलं. कुडापलीकडे जना रडे, इकडे बायजाचं लुगडं दुधाने भिजे. बैलसुद्धा घरात मोजले जात होते, ती मात्र मोजली जात नव्हती.

जवळ येऊन बसणारी एकच होती, तिची थोरली जाऊ गोदा. गोदाचा नवरा पटकीने गेला होता, तेव्हापासून ती घरातलं सगळं काम करी आणि कुठल्याही शुभकार्याला मागच्या दारी उभी राही.

"लांब बस गं, तुला लागंल," बायजा म्हणाली.

"माजं काय ऱ्हायलंय लागायला?" गोदा हसली. मग हळूच म्हणाली, "नेरळला टेसनापाशी डागदर हाय. जाऊ आपून."

सहदेव गुरं सोडायला आला, तेव्हा बायजाने त्याला विचारलं.

"आई काय म्हनंल?" तो पुटपुटला.

"आईला इचारून मी आजारी पडली नाय!"

आणि दोघी बांधाबांधाने नेरळला चालत गेल्या.

डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी बायजाला उजेडात बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि कापसाचं टोक कपाळावरच्या लालीला लावलं. "लागलं की सांग." बायजाने प्रत्येक वेळी सांगितलं. मग टाचणी टोचली, ती कळवळली. डॉक्टरांनी तिच्या कानाच्या पाळ्या पाहिल्या, कोपरामागची शीर चाचपली, हातापायांवर कुठे बधिर डाग आहे का ते पाहिलं.

"हा महारोग नव्हे," ते म्हणाले. "महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, त्याला खाज नसते. हा तर खाजतो, झोंबतो."

"मंग गजकर्ण?" गोदाने विचारलं.

"गजकर्ण कडेने वाढतं, मध्ये मोकळं होत जातं. डोक्यातला कोंडा उतरला असता तर भुवयांत आणि नाकाच्या बाजूंना धरला असता. हिची लाली कुंकू लागतं तिथे सुरू झाली, आणि घामाबरोबर कुंकू ओघळतं तिथवर उतरली. बोट दाखव बरं, कुंकू लावतेस ते."

बायजाने हात पुढे केला. त्या बोटाचं टोकही सोललेलं होतं.

"नवं कुंकू घेतलंस?"

"जत्रंत घेतलं. लई लाल हाय, झकपक."

"त्यात कसला तरी रंग आहे, तो तुझ्या कातडीला सोसत नाही. मलम देतो. पण कुंकू बंद करायचं. कातडी बरी होईपर्यंत कुठलंच नाही, आणि हे तर पुन्हा कधीच नाही."

बायजा उठली. दारातून मागे वळली. "डागदरसायब, आन म्हारोगच असता तर?"

"तर तुला रोज इथे आणायला हवं होतं. त्यालाही आता सुया टोचतात. गोठा हा कुठल्याच रोगावरचा इलाज नव्हे."

अंगणात पाऊल टाकताच बायजाने सगळं सांगितलं. गौराबाईचा चेहरा आधी सैल पडला. पण कुंकवाचं ऐकताच ती ताडकन उठली.

"माजा ल्योक जिता हाय, आन तू कपाल पांढरं करनार? त्यापरीस गोठ्यात ऱ्हा, पन कुंकू लावून ऱ्हा!"

रोगाची भीती तिने गिळली असती. उघड्या कपाळाची तिला गिळवेना. बायजाने हंड्यात पदर बुडवला आणि साऱ्यांच्या देखत कपाळ पुसलं.

"अगं, तुजा नवरा जिता हाय!" गौराबाई ओरडली.

"जिता हाय म्हून तर पुसतेय. त्याची बायको जिती ऱ्हायला नको?"

ती घरात शिरली, जनाला उचललं आणि तिथेच चुलीपाशी पाजायला बसली. गौराबाई सहदेवकडे वळली. तो बराच वेळ घुटमळला, मग गोठ्यातलं अंथरूण उचलून घरात घेऊन आला.

पापुद्रे सुटायचे थांबले, लाली ओसरली. विहिरीवर आता दुसरंच बोलणं सुरू झालं: नवऱ्याच्या जिवावर उठली आहे. बायजा ऐके आणि हंडा भरून घेई.

पुढे नागू पाटलाच्या नातवाचं बारसं निघालं. घरोघरच्या सवाष्णींना बोलावणं होतं. बायजा निघाली ती गोदाचा हात धरून. गोदा सारखी मागे ओढत होती. पाटलाची बायको मैना दारातच करंडा घेऊन उभी होती.

"बायजे, कुंकू लाव, मग आत ये. आन हिला कशाला आनलीस?"

"आमा दोघींची कपालं बघा, पाटलीनबाय. कंचीचा नवरा हाय नि कंचीचा नाय, कपाल सांगतंय का?"

"तोंड लई चालतं गं तुजं! पोराला अपशकुन करशील."

"कुंकवानं माजं कपाल सोललं, तवा मला म्हारोगी ठरवली. पुसून बरी झाली, तर आता अपशकुनी. आमी काय केलं की मानसं ठरू, ते तरी सांगा!"

तेवढ्यात बाळंतिणीच्या खोलीचा पडदा हलला आणि मैनाची सून हिरू बाळाला छातीशी धरून बाहेर आली. तिने पदर भुवयांपर्यंत ओढला होता. तो तिने मागे सारला. कपाळावर तीच लाली होती, तेच सुटलेले पापुद्रे. मैनाने झटकन पुढे होऊन तिचा पदर धरला, पण हिरूने तो सोडवून घेतला.

"किती दिस झाकायचं, आत्याबाय? आपूनबी त्याच जत्रंतलं कुंकू आनलं. उद्या गावानं सांगितलं, तर मलाबी गोठ्यात टाकाल? ह्याला माज्यापासून तोडाल?"

मैनाने सुनेकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. करंड्याचं झाकण तिने आपल्या हाताने लावलं आणि ती दारातून बाजूला झाली.

गोदा तरीही उंबऱ्याबाहेरच थांबली होती. इतक्या वर्षांत पाय तिथेच थांबायला शिकले होते.

"ये गं," हिरू म्हणाली, आणि बाळ तिच्या हातात दिलं.