दोनपासून सुरू होणारी पट्टी

मी एक लाकडी पट्टी. जन्मले तेव्हा बारा इंचांची होते, आता अकरा. माझा पहिला इंच शिलाई मशीनच्या चाकात गेला आणि तेव्हापासून माझ्या अंगावरचा पहिला आकडा दोन. टेलर मास्तरांनी मला फेकलं नाही. पुढची बावीस वर्षं त्यांची बोटं तो एक इंच आपोआप वजा करत राहिली. कुणाला सांगायची त्यांना कधी गरजच वाटली नाही.

माणसं मी पुष्कळ पाहिली. माप देताना पोट आत ओढतात आणि शर्ट घट्ट झाला की शिंप्याला बोल लावतात. मातीशी मात्र माझी ओळख उशिरा झाली, मास्तरांचे डोळे अधू झाल्यावर. दुकान बंद झालं, मशीन गेलं आणि मास्तर मला हातात धरून मागच्या दारी नुसते बसू लागले.

तिथे चार पावलांची जागा होती. विटांचे तुकडे आणि वाळून दगड झालेली माती. मुलाला तिथे फरशी घालून स्कूटर लावायची होती.

"महिनाभर थांब," सून म्हणाली. "काही उगवलं नाही तर घाल तुझी फरशी. बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, मला बघवत नाही."

"बाबांना कोथिंबीर आणि गवत यातला फरक तरी कळतो का?"

"तुला कळतो? काल जुडी म्हणून काय घेऊन आलास?"

मुलाने स्कूटरची किल्ली उचलली.

माती तयार करण्यातच पंधरा दिवस गेले. खुरप्याने उकरली, ढेकळं फोडली, खडे वेचले, कुजलेला पाला आणि शेणखत मिसळलं. किती खोल झालं ते बघायला मला सारखं आत खुपसायचे. कापडाला दोनच बाजू असतात, सुलट आणि उलट. मातीला किती असतात, ते मला अजून कळलेलं नाही. एक गांडूळ माझ्या सात आणि आठच्या मधून आरामात निघून गेलं. त्याला मोजमापाशी काही देणंघेणं नव्हतं!

जागा सून आणि मास्तरांनी अर्धी-अर्धी वाटून घेतली. मास्तरांनी आपली बाजू फळीने दाबून गुळगुळीत केली.

"बाबा, इस्त्री करताय का?"

"सुरकुती दिसली की हात शिवशिवतात गं."

घेवड्याचं बी देणाऱ्या रोपवाल्याने सांगितलं होतं, दोन इंच खोल. सुनेने मला सरळ दोनच्या आकड्यापर्यंत रोवलं आणि बी टाकलं. मास्तरांनी बोटाने चाचपून तीनपर्यंत रोवलं. एकाच पट्टीने दोन मापं! मापात पाप म्हणतात ते हेच का? सांगावंसं फार वाटलं. पण पट्टीला आकडे असतात, तोंड नसतं.

सातव्या दिवशी सुनेची बाजू हिरवी झाली. मास्तरांच्या बाजूची इस्त्री काही मोडली नाही. दहावा दिवस गेला, बारावा गेला. मास्तर सकाळी वाकून मातीवरून हात फिरवत आणि उठून बसत. एकदा स्वतःशीच म्हणाले, "हात गेले माझे. आता माती पण ओळख देत नाही."

महिना भरला आणि मुलगा फरशीवाल्याला घेऊन आला. बायकोची रोपं बघून जरा ओशाळला. मग म्हणाला, "बरं, हिची बाजू राहू दे. बाबांच्या बाजूला काही नाहीच आहे. तेवढ्यात घालू."

"घाल," मास्तर म्हणाले.

फरशीवाला टेप काढून वाकला. ओळीच्या टोकाला मी रोवलेली. त्याने मला उपटलं, पुसलं आणि हसायलाच लागला.

"मास्तर, ही पट्टी दोनपासून सुरू होते की! पहिला इंच कुणी खाल्ला?"

"मशीनने. म्हणून तर दोन इंचांना मी तीन धरतो."

सून दचकली. "तीन? बाबा, मी तर दोनच धरले!"

"म्हणजे ताई, तुमचं बी एकच इंच खाली होतं," फरशीवाला म्हणाला. "मास्तरांचं खरोखर दोन इंच, त्यावर ही दाबलेली माती. अहो, त्यांचं बी अजून वाटेत असेल!"

सगळ्यांच्या आधी खाली बसला तो मुलगा. नखाने हळूहळू माती खरवडू लागला. अर्ध्या इंचावर एक पांढरी, वाकलेली मान सापडली. डोक्यावर मातीचं ओझं घेऊन तशीच अडून राहिलेली.

"बाबा, बोट द्या इकडे." त्याने मास्तरांचं बोट धरून अलगद तिथे टेकवलं.

मास्तरांनी बोट हळूच फिरवलं. "अरे, जिवंत आहे रे!"

"ती इस्त्री तेवढी मोडा," फरशीवाला टेप गुंडाळत म्हणाला, "आणि मला पुन्हा बोलवू नका. माझ्याच पोटावर पाय द्यायला लावता."

स्कूटर आता रस्त्यावरच असते. मुलगा संध्याकाळी येतो, हेल्मेटही न काढता घेवड्यापाशी उकिडवा बसतो आणि बापाला नवीन पानांची बातमी देतो.

मी मास्तरांच्या ओळीत उभी आहे. ओलीने लाकूड फुगलंय, आकडे पुसट झालेत, वाळवी चौकशी करून गेलीय. परवा सून म्हणाली, "बाबा, स्टीलची नवी आणू का?" आणा, जरूर आणा. मला मात्र उपटून कपाटात ठेवू नका. जन्मभर मी गोष्टींच्या वरवरून फिरले. आत काय चालतं ते आत्ता कुठे कळायला लागलंय. कालपासून एक बारीक मूळ मला चाचपतंय. त्याला मला धरायचंय, की वळसा घालून पुढे जायचंय, एवढं मला बघू द्या.